पाहिलंत की ऐकलंत?

"पाहिलंत की ऐकलंत?"

हे विचारताना ते खिशातलं पेन काढायचे. त्याचं टोक आधी स्वतःच्या डोळ्याखाली टेकवायचे, मग कानाच्या पाळीला, आणि थांबायचे. समोरचा कितीही रंगात येऊन सांगत असो, त्या पेनापाशी त्याची गाडी अडायची. दहातले नऊ जण म्हणायचे, "तसं ऐकलंच हो, पण खात्रीची बातमी आहे." त्यावर ते छोटी वही काढून दोन ओळी लिहायचे, "बरं, ऐकलंत," एवढंच म्हणायचे आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसायचे.

तुमच्याही बिल्डिंगखाली एखादं बाकडं असेल आणि संध्याकाळी त्यावर चार-पाच रिटायर्ड माणसं असतील. त्या बाकड्यावर असला प्रश्न विचारणारा माणूस येऊन बसला तर काय होईल, याचा विचार करा. आमच्या गप्पांचं वाटोळं झालं. कोणाची सून कोणाशी भांडली, कोणत्या दुकानदाराने तेलात काय मिसळलं, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन मरायचं. "हा माणूस लिहितो काय त्या वहीत?" हा मग एकच विषय उरला, आणि तोही ते नसताना बोलायचा.

ही गोष्ट मुलुंड पूर्वेची. चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, अशी आमची जुनी बिल्डिंग. मी तिचा सेक्रेटरी. दुसरं कोणी तयार होत नव्हतं म्हणून अकरा वर्षं सेक्रेटरी. त्याआधी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. स्टोअरकीपर समोरच्यावर विश्वास ठेवायला लागला की कारखाना बसला म्हणून समजा. माझी बायको म्हणते, "देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी हा माणूस उलटा करून बघेल." तिचं काही चुकत नाही.

दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहायच्या. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. बाईंचे यजमान परदेशात असतात असं त्या सांगायच्या, पण वर्षातून एकदा, पंधरा-वीस दिवस येणारी ती आकृती कोणी धड पाहिली नव्हती. त्यामुळे बिल्डिंगने ठरवून टाकलं होतं की यजमान वगैरे काही नाही. असलाच तर पळून गेलेला आहे. मग एके दिवशी हे पेनवाले गृहस्थ दोन पोतीवजा बॅगा घेऊन कायमचे आले. रंगाने काळेसावळे, उंच, डोक्यावर निळी टोपी. मूळचे परभणीकडचे, लहानपण गोवंडीत गेलेलं. माझा पहिला संशय असा होता की हे यजमान नव्हेतच.

सोसायटीचा फॉर्म घेऊन मी वर गेलो. 'व्यवसाय' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'सार्वजनिक संपर्क, निवृत्त'.

"म्हणजे जाहिरातीत होतात?"

"शांतिसेनेत."

"म्हणजे मिलिटरी?"

"मिलिटरी वेगळी. मी बोलणाऱ्या खात्यात."

"शांतिसेनेला बोलायचं खातं असतं?"

"बंदुकीपेक्षा तेच जास्त चालतं," ते म्हणाले. "आणि चुकलं तर लागतंही तेवढंच."

मी खाली येऊन सगळ्यांना सांगितलं की माणूस गुप्तहेर आहे. म्हणजे 'असावा' म्हणालो. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचताना 'असावा'चं 'आहे' झालं, त्याला मी काय करू?

पुढे बाकड्यावर बसता बसता त्यांच्या नोकरीचं स्वरूप कळत गेलं. आफ्रिकेतल्या एका देशात वर्षानुवर्षं आपापसांत लढाई चालू होती. तिथे अनेक देशांची मिळून शांतिसेना गेलेली. (देशाचं नाव पहिल्या दिवशी मला नीट ऐकू आलं नाही आणि नंतर विचारायची लाज वाटली.) त्या मिशनचा स्वतःचा छोटा रेडिओ होता. यांचं काम असं की सकाळी बाजारात जाऊन बसायचं, लोक काय बोलतात ते दुभाष्याकडून समजून घ्यायचं, वहीत उतरवायचं, खरं-खोटं शोधायचं आणि संध्याकाळी रेडिओवरून उत्तर द्यायचं. पलीकडच्या गावाने विहिरीत विष टाकलं, एवढी एक अफवा उठली तरी रात्रीत दहा घरं जळायची. म्हणून अफवा सकाळीच गाठावी लागे.

"आणि गाठून करायचात काय?" मी विचारलं.

"विहिरीवर जायचो. पाणी काढून प्यायचो."

"आणि खरंच विष असतं तर?"

"तर रेडिओवर दुसरा माणूस बोलला असता," ते शांतपणे म्हणाले.

मला हे सगळं अर्धं खरं वाटायचं. उरलेल्या अर्ध्यासाठी मी त्यांची येणारी पार्सलं वॉचमनच्या केबिनमध्ये जरा हलवून बघायचो. एकदा एकाचा कोपरा आपोआप उघडला. आत कॉफी निघाली. बुद्धपौर्णिमेला बाईंनी खिरीची वाटी पाठवली, ती मात्र मी न बघता खाल्ली आणि दुसरी मागून घेतली.

मग कबूतर झालं.

वरच्या टाकीत मेलेलं कबूतर सापडलं अशी कुजबुज दोन घरांत सुरू झाली. दोनच घरांत. मी सेक्रेटरी, कर्तव्यदक्ष. लगेच फळ्यावर नोटीस लावली: 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की, वरच्या टाकीत मेलेले कबूतर सापडल्याची बातमी खोटी आहे. कोणीही घाबरू नये.' दुपारपर्यंत बत्तीसही घरं घाबरली. पाण्याचे वीस लिटरचे जार जिन्यातून वर जायला लागले. संध्याकाळी कबुतरांची संख्या दोन झाली होती आणि तळमजल्यावरच्या दोघांना मळमळत होतं.

बाईंचे यजमान फळ्यासमोर उभे राहून नोटीस वाचत होते. मला म्हणाले, "सेक्रेटरी, कबूतर तुम्ही आणलंत."

"मी? अहो, मी तर नाही म्हटलंय!"

"लोक 'नाही' वाचत नाहीत. कबूतर वाचतात." त्यांनी नोटीस अलगद काढून घडी घातली. "खोटी गोष्ट खोडायला म्हणूनसुद्धा पुन्हा बोलायची नाही. खरी काय ती सांगायची, आणि कोणी पाहिली ते सांगायचं. आता मला सांगा, तुमच्यावर सगळ्यात कमी विश्वास कोणाचा?"

"राणे," मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो.

राणे चौथ्या मजल्यावरचे. मालवणकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः जन्मभर टॅक्सीची मीटरं दुरुस्त केली. मीटरांत आयुष्य गेल्यामुळे जगात काहीही सरळ फिरत नाही अशी त्यांची ठाम समजूत होती. माझा आणि त्यांचा छत्तीसचा आकडा.

"मग राणेंना आधी शिडीवर चढवा," ते म्हणाले. "ज्याचा विश्वास सगळ्यात कमी, तो सगळ्यात आधी. आमचा हाच नियम होता."

राणे शिडी चढले, टाकीचं झाकण उघडून आत डोकं घातलं, पाच मिनिटं टॉर्च फिरवला. मग खाली बघून म्हणाले, "पानी बरा आसा. पन झाकनाक कडी नाय." मग एका तांब्यात टाकीचं पाणी काढलं, आधी मला पाजलं, मग स्वतः प्यायले. नवीन नोटीस बाईंच्या यजमानांनी मला तोंडी सांगितली आणि मी लिहून घेतली: 'वरची टाकी आज सायंकाळी पाच वाजता उघडून पाहिली. पाणी स्वच्छ आहे. झाकणाला कडी लावत आहोत.' खाली 'पाहणारे' असं लिहून राणेंची सही, मग माझी, मग त्यांची. दुसऱ्या दिवशी पाण्याचे जार बंद झाले.

तेव्हापासून आमच्या फळ्यावर 'पाहणारे' हा रकाना आला. पाइप फुटला, पंप जळला, काहीही असो, सभासद आधी तळाशी बघायचे आणि त्यांची सही दिसली की वर वाचायचेच नाहीत. माझ्या अकरा वर्षांच्या सहीला जे जमलं नाही ते त्यांच्या सहीला दोन वर्षांत जमलं. मला ते थोडं झोंबायचं, हे कबूल करतो.

मग पुनर्विकासाचं पत्र आलं.

उपनगरात राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. वर्षानुवर्षं एकमेकांच्या लग्नांत जेवलेली माणसं त्या पत्रानंतर एकमेकांच्या दारातल्या चपला ओळखू लागतात. कोण कोणाकडे गेलं, किती वेळ बसलं, बाहेर येताना हसत होतं का. बिल्डरच्या इंजिनीअरने अहवाल दिला की इमारत धोकादायक आहे, पावसाळ्याआधी रिकामी करा. अर्धी बिल्डिंग म्हणाली, इंजिनीअर विकत घेतलाय. उरलेली अर्धी म्हणाली, कमिटी विकत घेतलीय. राणेंच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी स्लॅबचा एक तुकडा पडला, तर राणे म्हणाले, "गच्चीतसून कोनीतरी ठोकून पाडल्यान."

माझंही मत होतं की अहवाल खोटा आहे. ज्याला फायदा त्याचाच कागद, हे मी स्टोअरमध्ये शिकलो होतो. आणि खरं कारण सांगायचं तर मला भीती वाटत होती. आमच्याच गल्लीतल्या एका बिल्डिंगची माणसं 'तीन वर्षांत परत या' म्हणून बाहेर पडली होती आणि नववं वर्ष भाड्याच्या घरात काढत होती. त्यांतले दोघे तिथेच गेले. मला माझ्या घरात मरायचं होतं.

म्हणून मी नोटीस तयार केली: 'आपली इमारत सुरक्षित आहे. कोणीही घर रिकामे करण्याची घाई करू नये.' फक्त तळाशी त्यांची सही हवी होती. ती मिळाली की बिल्डिंग शांत होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. सकाळी नऊ वाजता कागद घेऊन मी दुसऱ्या मजल्यावर गेलो. बाई लसूण सोलत बसल्या होत्या. यजमानांनी कागद वाचला, पेन काढलं, आणि मला वाटलं सही करतात. पेन डोळ्याखाली गेलं.

"पाहिलंत?"

"त्यात काय पाहायचंय? तीस वर्षं राहतोय."

"राहणं वेगळं, सेक्रेटरी."

"अहो साहेब, एक सही! लोक शांत होतील. शांत करणं हेच तर तुमचं काम होतं ना?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. बाईंचा लसणावरचा हात थांबला होता. मग ते सांगू लागले. मिशनवर असताना एका दुपारी वरून कागद आला, नदीपलीकडच्या बाजारगावाचा रस्ता आता सुरक्षित आहे. लोकांमध्ये घबराट होती, कागद वेळेवर आला म्हणून त्यांना बरं वाटलं. त्यांनी तो संध्याकाळी रेडिओवर दिला. रोज बाजारात त्यांच्याशेजारी बसणारी एक कांदेवाली होती, त्यांना भाऊ म्हणायची. अर्ध्या अफवा तीच आणून द्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि तिच्याबरोबरच्या बायका टोपल्या घेऊन त्या रस्त्याने निघाल्या. 'भाऊ म्हणतोय म्हणजे जायला हरकत नाही,' असं ती घरी सांगून गेली होती. रस्त्यात सुरुंग होते.

"ती परत आली नाही," ते म्हणाले. "मी रस्ता पाहिला नव्हता. ऐकलं होतं. कागदावर ऐकलं होतं, एवढंच."

 त्या सकाळी मी काय म्हणालो ते सांगायलाच हवं. मी म्हणालो, "तिथलं इथे कशाला आणताय साहेब? हे मुलुंड आहे."

त्यांनी कागद परत दिला. "दोन दिवस द्या. आपण मिळून बघू. जे दिसेल त्यावर सही करतो."

मी तणतणत बाहेर पडलो. जिन्यात राणे भेटले, हातात मासळीची पिशवी. "काय झाला? केल्यानी सही?"

आणि मी म्हणालो, "ते कशाला करतील सही? बिल्डरच्या ऑफिसात जाताना कोणीतरी पाहिलंय म्हणे त्यांना."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं की मी ते बोलणार आहे. तसं मला कोणीही सांगितलेलं नव्हतं.  राणे पिशवी या हातातून त्या हातात घेऊन वर निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ते वाक्य माझ्याकडे परत आलं तेव्हा मला ओळखू येईना. बिल्डर त्यांना नव्या बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट देणार होता, परदेशातला पैसा त्यानेच फिरवला होता, निळी टोपीसुद्धा त्याचीच होती. कोणीतरी त्यांच्या पत्रपेटीवर खडूने 'दलाल' लिहिलं. बाईंकडे गणिताला येणारी मुलं यायची बंद झाली. संध्याकाळी ते बाकड्यावर येऊन बसले की बाकीचे एकेक करून उठायचे. कोणाला भाजी आणायची असायची, कोणाला गोळी घ्यायची असायची. ते रस्त्याकडे बघत एकटे बसायचे. त्या माणसाजवळ कमावलेली एकच गोष्ट होती, लोकांचा त्यांच्या शब्दावरचा भरवसा, आणि ती मी जिन्यात उभ्या उभ्या घालवली होती.

चौथ्या दिवशी न राहवून मी त्यांच्याजवळ गेलो. "साहेब, लोक काहीबाही बोलताहेत. तुम्ही खुलासा करा ना. मी लगेच फळ्यावर लावतो."

ते हसले. "पुन्हा कबूतर आणताय, सेक्रेटरी?"

"पण तुमची बदनामी..."

"माझं राहू द्या. जिन्याखालचा खांब बघायचा राहिलाय."

त्यांनी राणेंना सांगितलं, "तुमचा ज्याच्यावर विश्वास आहे असा इंजिनीअर आणा. बिल्डरचा नको, कमिटीचा नको, माझाही नको." राणेंचा विश्वास असलेली व्यक्ती जगात असेल असं मला वाटलं नव्हतं. पण राणेंनी कुडाळहून भाचा बोलावला. तो पूल बांधायच्या कामावर होता, कमी बोलणारा. रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघे जिन्याखाली जमलो. तिथे लाइटची मीटरं होती आणि मागे एक कोंदट पोकळी, जिथे तीस वर्षांत झाडूवालासुद्धा गेला नसेल. मधोमध मुख्य खांब.

साहेबांनी हातोडी माझ्या हातात दिली, टॉर्च स्वतः धरला आणि म्हणाले, "सेक्रेटरी, आधी तुम्ही."

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पदाचा मान तरी ठेवतात.

मी वाकून आत शिरलो आणि भाच्याने दाखवलेल्या जागी ठोकलं. खांबाचा आवाज बद्द आला, पिकलेल्या फणसावर थाप मारल्यासारखा. दुसरा घाव घातला तर प्लास्टरचा मोठा पापुद्रा माझ्या पायांवर आला. आतल्या सळया लालभडक, फुगलेल्या. एक मी बोटांनी धरली तर तिचे पदर सुटून हातात आले. ते तसेच हातात घेऊन मी बाहेर आलो. मग राणे आत गेले. तीन घाव ऐकू आले, मग काहीच नाही. बाहेर येऊन ते पायरीवर बसले.

"माका आता कोनाचो कागद नको," ते म्हणाले. "मी बगलंय."

नोटीस साहेबांनीच सांगितली: 'जिन्याखालचा मुख्य खांब आज सकाळी दहा वाजता फोडून पाहिला. सळया गंजून सुटल्या आहेत. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी बारा ते सहा या वेळात यावे. हातोडी तिथेच ठेवली आहे.' पाहणारे म्हणून राणेंनी सही केली, भाच्याने केली. मी पेन साहेबांपुढे धरलं.

"माझी नको," ते म्हणाले. "माझ्या सहीला सध्या वास येतो. तुमची घ्या. सगळ्यात वर आणि ठळक."

मी सगळ्यात वर, ठळक सही केली. ती करताना मनात कुठेतरी सुखावलो, तेही सांगून टाकतो.

त्या दुपारी जिन्याखाली रांग लागली. बत्तीस घरांतून माणसं आली, एकेक घाव घालून वर गेली. शेवटी भाच्यालाच 'आता ठोकू नका' म्हणून हातोडी काढून घ्यावी लागली. आणि ज्या बिल्डिंगमध्ये वर्षभर एका वाक्यावर दोन माणसांचं एकमत होत नव्हतं ती तीन आठवड्यांत रिकामी झाली. ते आणि बाई कळव्याला भाड्याच्या घरात गेले. त्यांचा टेम्पो भरताना मदतीला राणे होते आणि मी होतो. बाकी दारं बंद होती. टेम्पोत चढताना ते मला म्हणाले, "नवीन बिल्डिंग झाली की बाकडं लावा, सेक्रेटरी. लिफ्टपाशी नको, रस्ता दिसेल असं."

बारा दिवसांनी मजूर खिडक्या काढायला आले. दुपारी ते रस्त्यापलीकडे जेवायला बसले असताना दुसऱ्या मजल्यापासून जिना खाली आला. आत कोणी नव्हतं. मी बघायला गेलो तेव्हा बाईंचा दरवाजा हवेत उघडत होता, खाली काहीच नव्हतं. 

त्यानंतरच्या सभेत सभासदांनी मला शाल आणि नारळ दिला. 'सेक्रेटरींमुळे बत्तीस घरं वाचली,' असं भाषणात सांगितलं गेलं. ते सभेला आले नव्हते. त्यांना कोणी कळवलंही नसावं. मी शाल घेतली. उभा राहून दोन शब्द बोललो. त्यांचं नाव घेतलं असतं तर ते का आले नाहीत हे कोणीतरी विचारलं असतं, म्हणून घेतलं नाही. ती शाल कपाटात आहे, अजून मी वापरलेली नाही.

दुसऱ्या वर्षी कळव्यालाच ते गेले. छातीत दुखलं, रिक्षात बसवलं, वाटेत संपलं. पुण्यानुमोदनाला जुन्या बिल्डिंगमधून आम्ही दोघेच होतो, राणे आणि मी. राणे दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, दुःखामुळे.

आता नवीन बिल्डिंग उभी आहे. मी नवव्या मजल्यावर, बाई अकराव्या. गेल्या महिन्यात त्यांनी मला वर बोलावलं आणि एक वही पुढे ठेवली. "ही सोसायटीची. तुमच्याकडे असू दे, सेक्रेटरीभाऊ."

ती वही. एवढी वर्षं आम्ही जिला घाबरलो ती. बारीक, सरळ अक्षर, प्रत्येक पानावर पाच रकाने: काय, कुठे, कोणाकडून, पाहिलं की ऐकलं, उत्तर काय द्यायचं. मी चाळू लागलो. 'बाईंचे यजमान गुप्तहेर आहेत. बाकड्यावर. सेक्रेटरी. ऐकलं. उत्तर: देऊ नये, मजा येते आहे.' पुढे, 'सेक्रेटरी पार्सलं उघडून बघतात. केबिनपाशी. वॉचमन. ऐकलं.' आणि त्याखाली तीन दिवसांनी वेगळ्या शाईत, 'पाहिलं.' मी मोठ्याने हसलो. बाईही हसल्या. पंप, कबूतर, तेलातली भेसळ, सगळं तिथे होतं आणि प्रत्येक ओळीत कोणाचं ना कोणाचं नाव होतं. एकही अफवा त्यांनी बेवारस सोडली नव्हती.

मग ते पान आलं. 'काय: मी बिल्डरकडे जातो. कुठे: जिन्यात. कोणाकडून:' आणि पुढे कोरी जागा. त्यापुढच्या रकान्यात 'पाहिलं / ऐकलं' तसंच, कशावरही खूण नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'उत्तर देऊ नये. खांबाच्या नोटिशीवर सेक्रेटरींची सही लागणार. लोकांचा निदान एकावर तरी विश्वास राहू दे, नाहीतर घरं रिकामी होणार नाहीत.'



"बाई," मी विचारलं, "त्यांना कळलं होतं?"

"त्याच संध्याकाळी. राणे आले होते. म्हणाले, 'माज्या तोंडातसून घरात निगान गेला, बायको खाली बोलली. पन माका खरां वाटणां नाय, तुमीच सांगा.' यांनी सांगितलं, नाही गेलो. राणे म्हणाले, मग फळ्यावर सेक्रेटरीचं नाव लिहितो. यांनी त्यांना शपथ घातली, लिहायचं नाही."

म्हणजे त्या रविवारी जिन्याखाली उभ्या असलेल्यांत दोघांना सगळं ठाऊक होतं. 'सेक्रेटरी, आधी तुम्ही.' ज्याचा विश्वास सगळ्यात कमी, तो सगळ्यात आधी. तो पदाचा मान नव्हता. त्यांनी मला शिडीवर चढवलं होतं.

मला रडू आलं. या वयात, दुसऱ्याच्या घरात, मला आवरता आलं नाही. बाई पाणी आणायला आत गेल्या, जरा जास्तच वेळ लावून आल्या.

"मी त्यांना तेव्हाच म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "वहीत तरी नाव लिहून ठेवा. कोणाची ओळ रिकामी ठेवत नाही, मग हीच का? तर म्हणाले, असू दे. ते स्वतः लिहितील."

खोटी गोष्ट पुन्हा बोलायची नाही, हा त्यांचा नियम. तो मी इथे मोडला आहे. ज्यांनी ती माझ्याकडून ऐकली त्यांनी ती कोणाकडून आली हेही माझ्याकडूनच ऐकावं, एवढ्यासाठी. बत्तीस घरांना हे छापून वाटणार आहे. तळाशी 'पाहणारे' म्हणून राणे सही करायला तयार आहेत.

बाईंनी त्यांचं पेन माझ्यापुढे ठेवलं. कोऱ्या जागेत मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मग पुढचा रकाना. 'पाहिलं' आणि 'ऐकलं', दोन्हींतलं एक ठेवायचं होतं. मी पेन डोळ्याखाली नेलं, कानापाशी नेलं. मग दोन्ही शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'रचलं'.